तणमोरासाठी मारलेली गाठ

बाईंनी पदराचं टोक हातात घेतलं की समोरच्यानं समजून घ्यावं, आता आपलं काही खरं नाही. टोकाला त्या छोटीशी गाठ मारायच्या, दातांनी आवळायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "मारली बघ गाठ." बास. आवाज चढवणं नाही, शिव्याशाप नाहीत.

आपण दळण विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतो. बाई माणसं विसरू नयेत म्हणून मारायच्या. ज्यानं आगळीक केली त्याची परतफेड होईपर्यंत ती गाठ सुटायची नाही. साडी बदलली की नव्या पदरालाही आठवणीनं तीच गाठ.

सिल्वासातल्या डोकमर्डीत त्या तळमजल्यावर राहायच्या, मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. मूळच्या नंदुरबारकडच्या. इथल्या मराठी शाळांत जन्म घालवून निवृत्त झालेल्या. एकट्याच. मी गलोंड्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते, त्यामुळे मला सगळं लिहून काढायची आणि झालं की खोडायची सवय. बाई त्यावरून मला चिडवायच्या. "काय व स्टोअरवाली, तुझी यादी हरवते. माझी गाठ अंगावर असते."

त्यांच्या परतफेडीची एक ठरलेली रीत होती. ज्याचं त्याला परत. दूधवाला पाणी घालू लागला तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. रोज सकाळी त्याला दारात थांबवून त्याच्याच दुधाचा चहा पाजू लागल्या. "पी भो, तुझंच आहे." कप रिकामा होईपर्यंत समोर उभ्या. आठवडाभरात दुधावर साय धरू लागली. बाईंनी गाठ सोडली आणि त्या दिवशी चहात आलं घातलं.

पण मला सांगायचं आहे ते मोठ्या गाठीबद्दल.

रांधा गावाच्या पलीकडे एक कुरण आहे. गावचं गायरान. पावसाळ्यात गवत गुडघ्याच्या वर येतं, आणि गाव ते दिवाळी होईपर्यंत कापत नाही. बाई तिथल्या शाळेत होत्या तेव्हापासून दर श्रावणात एक पाहुणा बघायला जायच्या. एकदा मलाही नेलं. "पाण्याची बाटली घे, छत्री घे, तोंड बंद घे," एवढीच सूचना.

बांधावर बसून राहिलो. नुसतं गवत. वाऱ्यानं इकडून तिकडे होणारं. मी मनात उद्याच्या मालाची जुळणी करत होते, तेवढ्यात गवतातून काहीतरी काळं सरळ वर उडालं. कोंबडीएवढं. पांढऱ्या पंखांची फडफड, बेडकासारखा एक आवाज, डोक्यामागे कुरळे तुरे, आणि पुन्हा धप्पकन गवतात गडप. जमिनीनंच उशी झटकून फेकावी तसं. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा.

"तणमोर," बाई कुजबुजल्या. गुजरातीत याला खडमोर म्हणतात. "नवरदेव आहे तो. ती बसलीय कुठंतरी गवतात, दिसायची नाही. अंडी तिनं उबवायची, पिल्लं तिनं वाढवायची. हा नुसत्या उड्या मारणार."

"मग याचं एवढं कौतुक कशाला?"

"मूर्ख आहे म्हणूनच. एवढं उंच उडतो की कुणीही नेम धरावा. ज्याला लपायची अक्कल नाही, त्याला गवतानंच सांभाळायचं असतं."

पूर्वी त्या कुरणात असे बरेच उडायचे म्हणे. मी पाहिला तेव्हा तो एकटा उरला होता. गवत गेलं की तो येणार नाही, आणि इथून गेला तर पुन्हा कुठे दिसेल याची बाईंना खात्री नव्हती. देशभरातच आता थोडे उरलेत, त्या म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यात काकुळत मी ऐकली ती फक्त त्याच्यासाठी.

पुढच्या जूनमध्ये तिथे तारेचं कुंपण पडलं. एका मोठ्या कंपनीनं वृक्षारोपण काढलं होतं. कागदावर कुरणाचं नाव 'पडीक जमीन'. ओळीत खड्डे, त्यात गुलमोहर आणि सुबाभळीची रोपं, मांडव, लाउडस्पीकर. तुम्ही सिल्वासात राहिला असाल तर असे कार्यक्रम पाहिले असतील. बिसलेरी, समोसे, टोप्या, फोटो, आणि उन्हं चढायच्या आत पांगापांग.

बाई कंपनीच्या साहेबांना भेटायला गेल्या. मी सोबत होते. बाईंनी नीट समजावलं: ही पडीक जमीन नाही, गवत हेच इथलं रान आहे, झाडांची सावली पडली की गवत मरेल आणि तणमोर येणार नाही.

साहेब मोठ्यानं हसले. "मॅडम, आप टीचर होके पेड के ख़िलाफ़? घास का क्या है, घास तो कहीं भी उग जाती है. पेड लगाना पुण्य का काम है."

आणि बाई पुढचं वाक्य जुळवत असतानाच त्यांनी एक रोप बाईंच्या हातात ठेवलं, खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि फोटोवाल्याला खूण केली.

दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात फोटो. निवृत्त शिक्षिकेच्या हस्ते वृक्षारोपण. बाईंचं तोंड अर्धवट उघडं, हातात सुबाभूळ. शेजारपाजारचे अभिनंदन करून गेले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पेढा दिला. बाईंनी तो खाल्ला नाही, फेकलाही नाही. पदर हातात घेतला.

"बाई, जाऊ द्या," मी म्हटलं.

"माझ्या हातानं लावलं त्यानं. माझ्या हातानं." गाठ दातांनी इतकी आवळली की पदराचे दोन धागे तुटले.

त्या श्रावणात आम्ही बांधावर बसलो. तो आला नाही.

आता बघा, मी काही संतवृत्तीची बाई नाही. मला तेव्हा साहेबांचा जो राग आला तो अजून आहे, आणि पुढे जे झालं ते आठवून मला आजही चहा गोड लागतो.

साहेबांचा बंगला डोकमर्डीच्याच रस्त्यावर. त्याच्यापुढे लॉन. सिल्वासात तसं लॉन दुसरं नव्हतं. माळी पट्टी धरून कापायचा. पोस्टमननंही कडेकडेनं जायचं. चपला घालून कुणी पाय टाकला तर साहेब गॅलरीतून ओरडायचे. संध्याकाळी स्वतः अनवाणी त्यावर चकरा मारायचे, डोळे मिटून.

बाई रोज भाजी आणताना फाटकाशी थांबायच्या. "छान गवत राखलंय हो," त्या माळ्याला म्हणायच्या. इतक्या प्रेमानं, की माझ्या अंगावर काटा यायचा.

वर्ष गेलं. कुरणातल्या रोपांना पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. गुलमोहर मेले. सुबाभूळ मरत नाही, ती तरारली. गुरं मात्र कुंपणाबाहेर उपाशी, त्यामुळे गाव चिडलेलं होतंच. बाईंनी सरपंचांना गाठलं, गावकऱ्यांची बैठक बसवली, आणि गायरान गावाचं असल्यानं गावानं कुंपण आणि झाडं काढायचं ठरवलं. "पण ती झाडं टाकायची नाहीत," बाई म्हणाल्या. "पाप लागेल. ज्याची त्याला परत."

मग त्या साहेबांकडे गेल्या. गेल्या वर्षी आपण एकत्र झाड लावलं, यंदा वर्षपूर्तीचा कार्यक्रम डोकमर्डीत करू, महिला मंडळ येईल, पेपरवाले येतील. साहेबांना वाटलं, फोटोनं म्हातारीला चटक लावली. "जरूर, मॅडम! जहाँ आप कहें!"

"तुमच्या दारातच करू," बाई म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली. दारात म्हणजे रस्त्याच्या कडेला, असा त्यांचा समज.

कामाची जुळणी माझ्याकडे होती. टेम्पो, पहारी, कुदळी, ओल्या पोत्यात मुळांसकट बांधलेली रोपं, बायकांसाठी पोहे आणि चहा. रविवारी सकाळी साहेब जिमला गेले की फाटक उघडं असतं, हे बाईंना ठाऊक होतं. माळ्याला सांगितलं, साहेबांचा कार्यक्रम आहे. ते खोटंही नव्हतं. मी लॉनवर फक्कीनं खुणा मारल्या, सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. काम करायचं तर नीट करावं.

साहेब परत आले तेव्हा निम्मं लॉन खणून झालं होतं. पेपरवाला उभा. मागे त्यांचाच गेल्या वर्षीचा बॅनर, बाईंनी कुंपणावरून सोडवून आणलेला.

"ये क्या कर रहे हो? मेरा लॉन!"

बाई पुढे झाल्या. हातात सुबाभळीचं सगळ्यात जोमदार रोप. "साहेब, घास का क्या है? घास तो कहीं भी उग जाती है." आणि रोप त्यांच्या हातात ठेवून खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. "हसा. पुण्याचं काम आहे."

फोटो छापून आला. साहेबांचं तोंड अर्धवट उघडं.

उपटणार कसे? छापून आलं होतं. पुढे त्यांची बदली झाली. सुबाभूळ एकदा रुजली की शेंगा फुटतात आणि अंगणभर होते. नवे साहेब कापून कापून थकले. त्या रस्त्यानं जाताना मी अजून मुद्दाम वेग कमी करते.

लॉन खणून त्या दिवशी घरी आल्यावर मी बाईंचा पदर धरला. "सोडा आता गाठ."

त्यांनी पदर ओढून घेतला. "ही त्या माणसाची थोडीच आहे? त्याची तर मी मारलीच नव्हती. तो आला की सोडेन."

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

त्या श्रावणात बांधावर बसलो. नाही आला. पुढच्या श्रावणात बाईंना चालवेना, रिक्षा केली. खड्डे बुजले होते, गवत भरून आलं होतं. बाई दिवसभर बसल्या. उतरत्या उन्हात मला म्हणाल्या, "माझ्या हातातलं रोप बघून गेला असेल का गं?" एवढा बदला घेणारी बाई, त्या क्षणी शाळेतल्या पोरीसारखी दिसली. मी छत्री त्यांच्या बाजूला जास्त केली.

हिवाळ्यात बाई गेल्या. भाची घर आवरायला आली. "मावशीची ही साडी तुम्ही ठेवा," म्हणाली. "हिच्या टोकाला गाठ बसलीय, सुटतच नाहीये." मी म्हटलं, सोडू नका.

या श्रावणात रजा टाकली. पाण्याची बाटली, छत्री, आणि पिशवीत साडी. बांधावर रांध्याचा एक म्हातारा गुराखी बसला होता. "मास्तरीण बाई नाय आल्या?" त्यानं विचारलं. मी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हटलं, "आल्यात."

दुपार कलली. म्हाताऱ्यानं माझ्या दंडाला हात लावला. गवतातून काळं काहीतरी सरळ वर उडालं, पंख फडफडले, बेडकासारखा आवाज, धप्प. मग पुन्हा. मूर्खासारखा, कुणीही नेम धरावा इतका उंच.

मी गाठ सोडायला घेतली. नखांनी होईना, मग दातांनी सोडवली. कापड तिथे चुरगळलेलंच राहिलं.

परतताना कुरणाच्या पलीकडच्या टोकाला गवतात ओळीनं ठोकलेल्या लाकडी खुंट्या दिसल्या. टोकाला लाल चिंध्या. "मोजणीवाले आले व्हते," म्हातारा म्हणाला. "कारखाना यायचाय म्हने."

"कुणाचा?"

त्यानं झाडं लावणाऱ्या त्याच कंपनीचं नाव सांगितलं.

मला यादीची सवय, गाठीची नाही. पिशवीत वही होती, ती काढली नाही. ओढणीचं टोक हातात घेतलं. पहिली गाठ जरा सैल बसली. पुन्हा मारली, दातांनी आवळली.