कऱ्हाटीहून आलेला निरोप

माझ्या पोटात काही राहतं म्हटलं तर बारामतीत कोंबडीसुद्धा हसेल. आमच्या आजोबांनी वाघाला चहा पाजला, आमच्या म्हशीला रेडिओवरच्या बातम्या कळायच्या — सगळं चौकात सांगून झालंय. एक राहिलं. बायकोलाही माहीत नाही. का राहिलं? सांगतो. जरा धीर धरा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझा परकर शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि आठ मशिनी. लोकांना मी ऐंशी सांगायचो. पण तिथली एक गोष्ट थाप नव्हती. बायकांनी घरचं आवरून सवडीनं यावं, तान्ह्याची झोळी मशिनीशेजारी बांधावी. आणि घरून निरोप आला, की सुई कापडात तशीच सोडून उठायचं, विचारायचंसुद्धा नाही. "हितं घर आधी, काम मागनं," मी छाती फुगवून सांगायचो.

त्या शब्दावर कऱ्हाटीची रशिदा यायची. नवरा माळेगावला उसाच्या ट्रॅक्टरवर. घरी म्हातारी सासू आणि शमा, नुकतीच चुरूचुरू बोलायला लागलेली. "तात्या, तुमचा नियम हाय म्हणून पोरीला सोडून एवढ्या लांब येती," रशिदा म्हणायची.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी, फोन आला. कऱ्हाटीचे दुकानदार किसनराव. "शमाला लई ताप हाय. डोळं फिरवतीय. म्हातारी इचारती, गाडी करून दवाखान्यात न्यावं का आईची वाट बघावी?"

मी म्हणालो, "वाट बघा. आत्ता धाडतो."

आणि फोन ठेवून — उभाच राहिलो. चार वाजता व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता. परकराला नाडीचा नेफा घालायचं काम एकट्या रशिदाकडं. ती उठली की सगळा माल अडला. पोरांना ताप येतोच, असं मनात म्हणालो का? म्हणालो. एवढा गठ्ठा होऊ दे — तेही म्हणालो. ती मान खाली घालून शिवत होती. मी तिला चहा नेऊन दिला. हो, माझ्या हातानं.

माल भरून टेम्पो वळल्यावर मी आत धावलो — धावलो, बघा! — आणि ओरडलो, "रशिदा, ऊठ! आत्ता फोन आलाय!"

माझ्या एम-एटी गाडीवर तिला कऱ्हाटीला नेलं, पोरीला घेऊन तसेच माघारी बारामतीच्या दवाखान्यात. शमा वाचली. कान गेले. डॉक्टर म्हणाले, "दुपारी का नाही आणलं?"

सासू म्हणाली, "दुपारीच निरोप धाडला व्हता की."

"किसनरावांचा फोन आत्ता आला, आजी." जीभ चाचरलीसुद्धा नाही.

किसनराव स्वतःच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेत होते, फोन दुपारीच केला म्हणून. कोण ऐकतंय? रशिदाच म्हणाली, "तात्या असं करत्याल व्हय? निरोप आला की आमाला हाकलून देत्यात घरी." ज्या नियमाच्या मी बढाया मारायचो, त्याच्याच आडोशाला मी लपलो. किसनरावांच्या दुकानाची पायरी चढणं लोकांनी सोडलं. शेवटी ते निरवांगीला, सासुरवाडीला निघून गेले. मी त्यांना अडवलं? नाही. रस्त्यात भेटले तेव्हा रामराम घातला. त्यांनी घेतला नाही.

मग रशिदानंच गावभर सांगितलं — तात्यांनी गाडी कशी पळवली. लोक मला विचारायला लागले. गप्प बसलो तर म्हणायचे, बघा, केवढा मोठेपणा! म्हणून बोलायला लागलो. बोललो की वाढवायचं, ही माझी जातकुळी. वाटेत ओढा आणला, ओढ्याला पूर आणला, गाडी डोक्यावर घेतली. प्रत्येक वेळी एक वीट आणखी रचली. आता मी आत आहे आणि दार ठेवलेलंच नाही.

शमा मोठी झाली. बोलणं थांबलं ते थांबलंच. पण त्यांच्याकडं पाहुणे आले की मलाही बोलावतात, आणि ती ही गोष्ट हातांनी सांगते. कपाळाला हात लावून चटका दाखवते, डोळे फिरवते, मूठ पिळून गाडी पळवते, पूर दाखवते, पाहुणे टाळ्या वाजवतात. रशिदा पदरानं डोळे पुसते. मग शमा माझ्याकडं बोट करते आणि हात जोडते.

गेल्या रविवारीही जोडले. मीही हात जोडले, आणि पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते पाहुण्यांना छातीवर हात लावून दाखवलं.