शार्दूलचा पासवर्ड

दुबईतल्या अल कुसैसमध्ये मृणालिनी केळुसकरला ओळखत नाही असा माणूस एक तर कालच विमानातून उतरलेला असणार, नाहीतर त्याची सगळी कागदपत्रं जन्मतःच पूर्ण असणार. बसस्टॉपमागच्या गल्लीत, फोटो स्टुडिओ आणि केरळी हॉटेल यांच्या मधोमध एक टायपिंग सेंटर आहे. तिथल्या पहिल्या काउंटरवर ती बसते. सरकारदरबारी काहीही करायचं असलं तरी या देशात सुरुवात अशा दुकानातूनच होते. व्हिसा असो, आयडी असो, बाळाचा पासपोर्ट असो. माणूस समोर खुर्चीत टेकतो आणि मृणालिनी त्याच्या नावानं अर्ज भरते.

"ईमेल है आपका?"

"आप ही बना दो, मॅडम."

मग ईमेल ती बनवते, पासवर्डही तीच ठरवते. मोबाईलवर ओटीपी आला की माणूस शाळेत कविता म्हणावी तसा तो मोठ्यानं वाचून दाखवतो. ती टाकते, बटण दाबते आणि म्हणते, "खलास. मेसेज आ जायेगा, इन्शाल्ला." शारजाच्या औद्योगिक भागातले वेल्डर तिच्याकडे मुद्दाम बस बदलून येतात, कारण तिनं भरलेला अर्ज परत येत नाही. नव्यानं कामाला लागलेल्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: "बाई गं, बटण दाबायच्या आधी दोनदा बघ. एकदा सिस्टिममध्ये गेलं की ते जन्मभर राहतं."

हे तिचं वाक्य तिच्या कामात सोळा आणे खरं होतं. घोळ झाला तो ते घरी नेल्यामुळे.

शार्दूल तिचा एकुलता एक. कोविडमध्ये शाळा घरात आली तेव्हा तो आठवीत होता. सकाळी त्याला लॉगिन करून द्यायचं, गृहपाठ अपलोड करायचा, टीचरला "गुड मॉर्निंग मॅम" टाइप करायचं, हे सगळं मृणालिनीनंच केलं. शाळा परत सुरू झाली तरी ती सवय सुटली नाही. बारावीनंतर शारजाकडच्या एका विद्यापीठात त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा विद्यार्थ्याचं खातं अर्थातच तिनं उघडलं. पासवर्ड तिच्या पद्धतीचा, नंबर तिचा, ॲप तिच्याही फोनवर. शार्दूलनं एकदा विचारलं होतं, "आई, व्हाय इज युअर नंबर देअर?" तर ती म्हणाली, "तुझा फोन सारखा सायलेंटवर. कोणी तरी बघायला नको?" तो "ओके" म्हणाला आणि विषय संपला.

ऑक्टोबरात एका दुपारी ती कोणाचा तरी व्हिसा रिन्यू करत असताना फोन वाजला. ॲपवर आलं होतं: कॅल्क्युलससाठी सहाय्य केंद्रातली तुमची वेळ निश्चित झाली आहे.

कॅल्क्युलस म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित. आणि सहाय्य? तिला केंद्र दिसलं नाही, फाइल दिसली. तीन वर्षांनी कोणी तरी नोकरीसाठी शार्दूलचं नाव स्क्रीनवर उघडेल आणि तिथं लिहिलेलं असेल, 'या विद्यार्थ्याला मदत लागली'. कच्चा आहे. शिक्का. समोरचा माणूस ओटीपी वाचून दाखवत होता, तो तिनं टाकला, बटण दाबलं, आणि त्याच हातानं फोन उचलून शार्दूलची वेळ रद्द केली. कारण विचारलं होतं. तिनं लिहिलं, 'थँक यू, आय डू नॉट रिक्वायर असिस्टन्स.' मुलाची फाइल स्वच्छ राहिली. संध्याकाळी तिनं त्याला नुसतं म्हटलं, "गणिताचं काही अडलं तर आपल्या बिल्डिंगमधल्या सावंतांच्या क्लासला जा हं. घरच्या घरी."

पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा वेळ घेतली. तिनं पुन्हा रद्द केली. मग ॲपवर आलं की वारंवार रद्द केल्यामुळे या सेमिस्टरचं बुकिंग बंद करण्यात आलं आहे. तिला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं.

नोव्हेंबर लागला. हवा सुधारली, लोक बाल्कनीत खुर्च्या टाकायला लागले. एका शनिवारी सकाळी मृणालिनी घावणे काढत होती आणि बापलेक टेबलाशी बसले होते. चंद्रहास, तिचा नवरा, एका शिपिंग कंपनीत. माणूस शांत, पण कंटेनर कुठे अडकला हे विचारल्याशिवाय न राहणारा.

"मिडटर्मचं काय झालं रे?"

"कॅल्कमध्ये फेल," शार्दूल म्हणाला. "इट्स ओके, बाबा. आय ॲम ड्रॉपिंग इट. थर्सडे इज द लास्ट डेट."

"म्हणजे फक्त तो विषय?"

"तो सोडला की फिजिक्स टू नाही, मेकॅनिक्स नाही. एव्हरीथिंग हँग्ज ऑन इट. अख्खं वर्ष जातं. सो आय ॲम थिंकिंग, आय विल लीव्ह इंजिनिअरिंग. बिझनेसला जातो."

चंद्रहासनं घावणा बशीत ठेवला. "पाचवीपासून पंखे उघडून बसणारा तू. मदत नाही मागितलीस कोणाकडे?"

"मागितली ना! ट्युटरिंग सेंटर. दे कॅन्सल्ड ऑन मी. ट्वाइस. मग ब्लॉकच केलं." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आय गेस दे ओन्ली टेक द वन्स हू कॅन बी सेव्ह्ड."

तव्यावरचा घावणा करपला. चंद्रहास म्हणाला, "मृणाल, अगं, धूर!" तिनं गॅस बंद केला. फोन ओट्यावर होता. त्याला हात लावायचीसुद्धा तिला भीती वाटली.

तो दिवस आणि रविवार तिनं तसाच काढला. सांगायला तोंड उघडायची आणि "दूध संपलंय" म्हणायची. पण ती कामाची बाई. अर्ज चुकला तर रडत बसत नाही, दुरुस्तीचा अर्ज भरते. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती थेट विद्यापीठात गेली. सोबत पारदर्शक फोल्डर: पासपोर्टच्या कॉप्या, आयडी, बारावीचं मार्कशीट, चार फोटो. फोटो कशाला, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

विद्यार्थी सेवेच्या काउंटरवर तिनं टोकन नंबर शोधला. टोकन नव्हतंच. अजरा नावाची, पस्तिशीच्या आसपासची, मूळची हैदराबादची सल्लागार उठून बाहेर आली आणि तिला आत घेऊन गेली.

"मेरे बेटे का ब्लॉक निकालना है," मृणालिनी म्हणाली आणि फोल्डर पुढे केलं.

"बेटा साथ में है?"

"नहीं. मैं माँ हूँ."

"इसी लिए तो चाय पिला रही हूँ," अजरा हसून म्हणाली. "चाय मिलेगी, पानी मिलेगा. शार्दूल की बात शार्दूल के बगैर नहीं होगी. वो अठारह का है."

मृणालिनीच्या सगळ्या नोकरीत काउंटरपलीकडून असं कोणी तिला थांबवलं नव्हतं. क्षणभर तिला राग आला. मग तिनं फोल्डर बंद केलं आणि सगळं सांगून टाकलं. ॲप, रद्द केलेल्या वेळा, 'डू नॉट रिक्वायर'. शेवटी मृणालिनीनं तिला छळणारा प्रश्न विचारला, "मुझे बस ये बताइये, वो ट्युटरिंग का स्टँप कहाँ आता है? मार्कशीट पे?"

"कहीं नहीं."

"सिस्टिम में तो रहता होगा?"

"हम गिनते हैं कि कितने बच्चे आये, ताकि अगले साल ट्युटर ज़्यादा रखें. बस. नौकरी देने वाला उसे देख नहीं सकता. आप भी नहीं देख सकतीं. देखना नहीं चाहिये था, मतलब." अजरा पुन्हा हसली आणि उठली. "चलिये, एक चीज़ दिखाती हूँ."

केंद्र काचेच्या भिंतीमागे होतं. मृणालिनीच्या मनात आजपर्यंत तिथं एक दवाखाना होता: ओळीनं मान खाली घालून बसलेली मुलं. इथं कोणी चिप्स खात होतं. अबाया घातलेली एक मुलगी फळ्यावर वर्तुळाला स्पर्शरेषा काढत होती आणि तिच्यापुढचा उंच मुलगा वाद घालत होता.

"पढ़ाने वाली तीसरे साल की स्टुडंट है," अजरा म्हणाली. "और वो लड़का अपनी क्लास का टॉपर है. टॉपर सब से ज़्यादा आते हैं. उन्हें पूछने में शर्म नहीं आती."

मृणालिनीनं पर्समधून फोन काढला. मग एकदम म्हणाली, "ठीक है. मैं अभी उसके नाम से रिक्वेस्ट डालती हूँ, आप अप्रूव्ह कर दो. दो मिनट का काम है."

"नहीं!" अजरानं अक्षरशः तिचा फोन धरला. "मृणालिनीजी, ब्लॉक मैं हटा दूँगी. लेकिन माँगेगा वो. और उसे क्यों माँगना चाहिये, ये उसको आप बतायेंगी. गुरुवार से पहले."

शार्दूलचा शेवटचा तास संपेपर्यंत ती पार्किंगमध्ये बसून राहिली. त्याला आश्चर्य वाटलं, पण बसपेक्षा गाडी बरी म्हणून तो काही न विचारता बसला. नॅशनल पेंट्सच्या चौकाअलीकडे वाहनं जी तुंबली, ती पुढे सरकेनात. मृणालिनीनं रेडिओ बंद केला.

"शार्दूल, सेंटरनं तुला कॅन्सल नाही केलं. मी केलं."

"व्हॉट?"

"माझ्या फोनवरून. दोन्ही वेळा. तुझ्या फाइलवर शिक्का बसेल असं मला वाटलं."

तो तिच्याकडे वळला. "यू रिप्लाइड ॲज मी?"

"हो."

"व्हॉट डिड आय से?"

तिनं ते वाक्य सांगितलं.

"आय वुड नेव्हर से 'रिक्वायर'!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून, आणि आता मराठीत, म्हणाला, "आई, मला वाटलं त्यांना मी नको आहे. महिनाभर मी तिथून जाताना दुसऱ्या जिन्यानं जायचो."

दुरुस्तीचा अर्ज भरता येईल अशी ही चूक नव्हती. ट्रॅफिक सुटल्यावर तिनं पहिल्या कॅफेटेरियापुढे गाडी लावली आणि हॉर्न दिला. इथं तसंच करतात. करक, म्हणजे कडक दुधाळ चहा, गाडीत येतो. चहा आला. दोघांनीही कप हातात धरून ठेवले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता तू म्हणशील ते."

शार्दूलनं स्वतःचा फोन काढला आणि पासवर्ड बदलायला घेतला. तोंडानं काही तरी पुटपुटत त्यानं नवा टाकला आणि स्क्रीन तिच्यापासून वळवून धरली. आता सिस्टिमला ओटीपी हवा होता. तिचा फोन वाजला.

"वाच," तो म्हणाला.

अख्ख्या कुसैसनं आजवर तिला ओटीपी वाचून दाखवले होते. आज तिनं वाचला, एकेक आकडा सुटा करून, आणि मुलानं टाकला. मग त्यानं तिचा नंबर काढून आपला घातला. तिच्या फोनवरचं ॲप तिनं त्याच्यादेखत काढून टाकलं.

"आता अजरा मॅडमना लिही," ती म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, लिहायचं असेल तर."

"यू मेट हर?"

"चहा दिला. माहिती नाही दिली."

तेव्हा कुठे तो हसला. घरी पोचेपर्यंत तो लिहीत आणि खोडत होता. काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही. मान वाकडी करून बघायची इच्छा मात्र इतकी झाली की तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

गुरुवार आला आणि गेला. रात्री जेवताना चंद्रहासनं विचारलं, "सोडलास?"

"नो," शार्दूल म्हणाला. "सेंटरला जातोय. ती अबायावाली सीनियर शिकवते, शी इज ब्रूटल." आणि त्यानं आणखी एक चपाती घेतली.

त्यानंतर मृणालिनीचा फोन जो गप्प झाला तो झालाच. पहिले काही आठवडे तिला करमेना. डिसेंबरात परीक्षा झाली. निकाल कधी लागला ते तिला कळलंच नाही. जानेवारीत एक दिवस शार्दूल बसस्टॉपवरून थेट टायपिंग सेंटरमध्ये आला, पाठीवर बॅग, आणि ग्राहकाच्या खुर्चीत टेकला.

"क्या चाहिये?" तिनं कामाच्या आवाजात विचारलं.

"कॅल्क टूचं पुस्तक घ्यायचंय. ऑनलाइन. बाबांचं कार्ड डिक्लाइन होतंय, तुझं दे."

कॅल्क टू म्हणजे कॅल्क वन पास झाला. तिनं कार्ड दिलं. मार्क विचारायला जीभ वळवळत होती, ती तिनं दातांमागे ठेवली.

आता या ऑगस्टात तिच्या काउंटरवर पहिल्या वर्षाच्या मुलांची रीघ होती, आणि प्रत्येकाबरोबर आई. डिस्कव्हरी गार्डन्समधून कुंदा तेंडोलकर आपल्या उर्वीला घेऊन आल्या होत्या. विद्यार्थिनीचं खातं उघडायचं होतं. मृणालिनीनं कीबोर्ड उचलून उर्वीपुढे ठेवला.

"ईमेल तू टाक. नंबर तुझा. पासवर्ड तूच ठरव. आणि कुंदाताई, तुम्ही तिकडे भिंतीकडे बघा."

"अहो पण मला काही कळायला नको?"

"कळेल. तिला विचारा, ती सांगेल. नाही सांगितलं तर चहा पाजा आणि परत विचारा. आणि तिथं मदत केंद्र आहे, सल्लागार आहे, मन हलकं करायलाही माणूस आहे. ती गेली तर जाऊ दे. कुठे शिक्का बसत नाही, मी चौकशी करून आलेय."

उर्वी गालात हसत टाइप करत होती. कुंदाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुमचा शार्दूल पण तिथंच ना? गणितात किती पडले होते त्याला?"

"ते मला माहीत नाही," मृणालिनी म्हणाली. "पण या वर्षी तो त्या केंद्रात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला बसतोय. हे त्यानं स्वतः सांगितलं." आणि तिनं उर्वीकडे वळून हात पुढे न करता विचारलं, "झालं का गं? यल्ला, चल, आता ओटीपी तुझ्या फोनवर येईल. मोठ्यानं वाचू नकोस."