सोल्यूशनचा वास

गल्लीच्या तोंडाशी चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळे बूटवाले काका म्हणत. दुकान म्हणजे पत्र्याचं एक खोकं. आत दोन स्टुलं, आरी, दोरा आणि तळवे चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा. हेच सोल्यूशन पिशवीत ओतून हुंगताना शेजारच्या गल्लीतलं एक पोर दगावलं आणि काकांचं जेवणावरचं मन उडालं. आपलं पोट ज्याच्यावर चालतं ते पोरांच्या जिवावर उठावं, हे त्यांना सोसेना.

त्यांनी हार्डवेअरवाला, स्टेशनरीवाला, पंक्चरवाला, सगळ्यांचे उंबरठे झिजवले. लहान मुलांना सोल्यूशन विकायचं नाही, एवढंच मागणं. हार्डवेअरवाल्याने टर उडवली. "काका, उद्या खिळेही बंद करा म्हणाल. तेही टोचतात." पण आठवड्याभरात त्याने डबे कपाटात घालून कुलूप लावलं. शाळेने पालकांच्या सभेत काकांना उभं केलं. ते चाचरत बोलले, पण मुद्द्याचं बोलले. मूल घरी आलं की जवळ घ्या, लाड केल्यासारखं करा आणि कपड्यांचा वास घ्या. आया हसल्या, पण घरी जाऊन तसं करू लागल्या. त्या वर्षात वासावरून तीन मुलं वेळेवर हाती लागली.

काकांची लेक सोळा वर्षांची, आई नसलेली. शाळा सुटली की खोक्यात बसून तळव्यांना सोल्यूशन लावून द्यायची. तिचा हात किती हलका आहे, हे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. तिचं डोकं दुखायचं, ते अभ्यासाने. ओठांभोवती पुरळ उठलं, ते उन्हाने. काका तिलाही रोज जवळ घेत. पण तीस वर्षं त्या डब्याशेजारी बसून त्यांचं नाक केव्हाच मेलं होतं.

एक दिवस तिला ताप होता म्हणून पंक्चरवाल्याची बायको तिच्याजवळ बसायला आली. संध्याकाळी ती खोक्यापाशी येऊन उभी राहिली.

"भाऊजी, पोरीच्या उशीला वास येतोय."

"आमच्या घरात सगळ्यालाच येतो, वहिनी," काका म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचा हात थांबला.

लेकीला व्यसन सोडवायच्या उपचार केंद्रात ठेवलं. पहिल्या रविवारी काका भेटायला गेले, तर ते जवळ जाताच ती थरथरू लागली. नर्सने त्यांना हळूच बाहेर आणलं. म्हणाली, तुमच्या अंगाला तोच वास आहे, तिला तो सहन होत नाही, तलफ उसळते.

काकांनी डबा उचलला आणि हार्डवेअरवाल्याच्या कुलपात नेऊन ठेवला. चिकटवायचं कामही ते आरी-दोऱ्याने करू लागले. वेळ दुप्पट लागे, बोटं सोलून निघत, गिऱ्हाइकं कुरकुरत. पुढच्या रविवारी त्यांनी तीनदा अंघोळ केली, नवा सदरा घातला आणि वहिनींसमोर बाही धरली. स्वतःला तर काही कळत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, नाही येत आता, जा.

लेक त्यांना बघून पळतच आली. हाताच्या अंतरावर थबकली.

"बाबा, नखांत आहे अजून. जरा लांब बसाल?"

काका अंगणाच्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले आणि भेटीची वेळ संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.