पोपटमाशाचा रंग घेऊन फणसवाडीपर्यंत

गिरगावात फणसवाडीत राहणाऱ्या एका प्राध्यापकांनी मला फसवले. गेल्या वर्षी मालवणच्या प्रवाळावरचा पोपटमासा मी त्यांना दिला. त्याच्या कल्ल्याला बांधलेली माझी चिठ्ठी जपून ठेवीन, असा शब्द देऊन त्यांनी ती फेकून दिली.

कॉलेजांना समुद्रातले नमुने पुरवून मी माझे घर उभे केले आहे. पोपटमासा मेला की रंग सोडतो, म्हणून तो पाण्याबाहेर येताच आम्ही रंग चिठ्ठीवर लिहितो. प्राध्यापकांनी बाटलीतला करडा मासा पाहिला आणि त्याला पुस्तकात भलत्याच जातीचे नाव छापून टाकले.

यंदा ताजा मासा, कल्ल्याला चिठ्ठी बांधून, बर्फाच्या पेटीत घालून मी आगबोटीत बसलो. पाठ हिरवीगार, डोळ्यामागे गुलाबी पट्टे. ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, एवढेच हवे होते.

भाऊच्या धक्क्यावर उतरलो तर संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. ट्राम नाही, बस नाही. एकच हमाल भेटला. त्याने सांगितलेल्या मजुरीच्या निम्मेच मी देऊ केले.

"शेठ, मग मासा पोहतच जाऊ दे," म्हणून तो चालता झाला. पेटी मी खांद्यावर घेतली. वितळत्या बर्फाचे पाणी पाठीवरून गळत होते.

बर्फासाठी लालबागला मावसभाऊ पांडूच्या चाळीत गेलो. तो गिरणीत कामाला.

"मेल्या, आज बरफ खंय गावतलो? (आज बर्फ कुठे मिळणार?) बरफवालोय मोर्च्यात गेलो!" तो म्हणाला. वहिनींनी पेज (पातळ भात) आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवला. पाय उठत नव्हते, तरी जेवण अर्धे टाकून निघालो.

फणसवाडीत पोचलो तेव्हा पेटीत नुसते पाणी होते. प्राध्यापकांनी झाकण उघडले.

"हा बघा, करडाच."

"काल हिरवा होता. चिठ्ठी वाचा."

"चिठ्ठी काय, कोणीही लिहील."

मी इतका ओरडलो की शेजारची दारे उघडली. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. "अहो, एवढं ओझं घेऊन चालत आलेत ते. वाचा तरी."

प्राध्यापकांनी चिठ्ठी वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमचं बरोबर असेलही. पण नाव छापून गेलंय. आता मी कुठे बदलत बसू?"

मी वाद घातला नाही. अंगात त्राणच नव्हते.

परतीच्या आगबोटीवर आडवा पडून हे लिहितो आहे. खांदा सुजला आहे. त्यांनी छापलेल्या जातीचा मासा आमच्या खडकावर मी आजवर पाहिलेला नाही. पुस्तकात मात्र तो आता मालवणचा आहे. उद्या पोरे तेच वाचून परीक्षा देतील. आपले चुकले हे प्राध्यापकांना कळले आहे. मग ते छापायला कोणाची परवानगी लागते? याचे उत्तर मला त्यांच्या सहीनिशी हवे.