बाबा आणि नवी बॅटरी

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचे. एकेक बूच उघडून, आजारी माणसाला चमच्याने पाजावं तसं, हळूहळू. गेल्या आठवड्यात मी लिथियमची नवी बॅटरी आणली. बसवणारा म्हणाला, "काका, हिच्याकडे आता बघायलाही नको." बाबा नुसतं "छान" म्हणाले.

आज पहिला रविवार. बाबा सवयीने पाण्याची बाटली घेऊन त्या गुळगुळीत पांढऱ्या पेटीपुढे उभे होते. तिला बूचच नव्हतं. काळजी घ्यावी न लागणाऱ्या वस्तू आपण किती हौसेने घरी आणतो! पण काळजी घेण्यातच ज्याचा जीव रमतो, त्याने काय करावं? बाबांनी बाटली खाली ठेवली आणि पंच्याने पेटीवरची नसलेली धूळ पुसली.

"बाबा, ती रोज पुसावी लागते हं," मी खोटंच सांगितलं.