तात्या बसले की कुरकुरणारी गाडी

मी मिस्त्री माणूस. नेकनूरला रोडवर माझं गॅरेज आहे आणि बावीस वर्षं मी गाड्यांच्या खाली झोपून काढली आहेत. भूत, करणी, नजर असल्या प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि आधीच सांगून ठेवतो, आजही नाही. या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहा पिताना वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. माझ्या कामाबद्दल लोक मागे काहीबाही बोलतात, म्हणून खरं काय ते एकदा लिहून टाकतोय.

भानुदास हा लिंबागणेशचा, माझं जुनं गिऱ्हाईक. घरचा मेंढ्यांचा धंदा, वस्ती गावापासून लांब, आणि वस्तीचा रस्ता म्हणजे नुसते दगड. म्हणून त्याने आपल्या सेकंडहँड जीपचे कंपनीचे शॉकअप आणि पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, काढून माझ्याकडून बाहेरचं, जाड आणि उंच सस्पेन्शन बसवून घेतलं. सगळं काम मी स्वतःच्या हाताने केलं. दोन महिने गाडीने हूं की चूं केलं नाही.

मग भानुदासच्या वडिलांच्या, म्हणजे धोंडीबा तात्यांच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस सुरू झालं. पहिल्याच दिवशी तात्या मागच्या सीटवर टेकले आणि गाडी ओरडली — कुईंऽऽ. वस्तीपासून मांजरसुंबा, तिथून घाट उतरून थेट दवाखान्याच्या दारापर्यंत कुईं-कुईं चालूच. तात्यांना उतरवून भानुदासने गाडी पार्किंगला नेली, तर आवाज गायब. परत येताना तात्या बसले की पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी तात्यांनी गाडीत बसायलाच नकार दिला.

भानुदासचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. "सादिकभाई, दोन डायलिसिस चुकल्यात. पाय बघा कसे सुजलेत. डॉक्टर म्हनला, आनखी एक चुकली तर माज्याकडं आनूच नका. कायबी करा, पन गाडीचा आवाज काढा."

आता तात्या का बसत नव्हते ते सांगतो. तात्या जन्मभर मेंढ्यांमागे फिरलेला माणूस. त्यांचा एक नियम होता : नवीन जनावर आणताना ते आधी त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. जनावर त्या हाताखाली ओरडलं तर घ्यायचं नाही, कितीही गुबगुबीत असो. ते आपल्याला मानवत नाही, त्याच्यामागे जायचं नाही. तोच नियम त्यांनी गाडीला लावला. गाडी दुसऱ्या कुणावर ओरडत नाही, माझ्यावरच ओरडते, म्हणजे तिच्यातून मी कुठेही जायचं नाही. विषय संपला.

मी त्याच सकाळी वस्तीवर गेलो. माझी पद्धत साधी आहे. भानुदासला गाडी चालवायला लावतो आणि मी डिकीत आडवा पडून कान पत्र्याला लावतो. मी पडलो, गाडी दगडांवरून फिरवली... आवाज नाही. मागच्या सीटवर पेंडीचं पन्नास किलोचं पोतं ठेवलं. नाही. दोन पोती ठेवली. नाही. भानुदासची बायको सुनीता बसली, तरी नाही. मग हातापाया पडून तात्यांना फक्त पाच मिनिटं बसवलं. माणूस जेमतेम अठ्ठेचाळीस किलोचा. टेकले मात्र, आणि माझ्या कानाखाली — कुईंऽऽ.

सांध्यांतले रबरी बुश बदलले. पाट्यांमध्ये ग्रीस भरलं. तरी तेच. शेवटी मी बसवलेलं सगळं सस्पेन्शन खोलून कंपनीचं जुनं परत टाकलं, त्यात माझा अख्खा दिवस गेला. पुन्हा विनवणी करून तात्यांना बसवलं... कुईं. मग मी माझी स्वतःची व्हॅन पुढे आणली. त्या व्हॅनला बाहेरची एक पट्टीसुद्धा लावलेली नाही. तात्या तिच्यातही बसले, आणि तीही ओरडली. खोटं कशाला बोलू, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पण भीतीपेक्षा मला राग जास्त आला. गावात तोपर्यंत गोष्ट पसरली होती. कुणी म्हणालं, सादिकने अपघातात माणूस मेलेल्या गाडीचे पाटे आणून बसवले. अहो, पॅकिंग माझ्या हाताने फोडलंय मी. कुणी लिंबू-मिरची घेऊन आलं. एका शहाण्याने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्यात असंल की काईतरी, दर्ग्यावर न्हेऊन बघा ना." मी म्हणालो, दर्ग्यावर न्यायलाही गाडीतच बसवावं लागेल, तेवढं तूच करून दाखव. मग गेला गुपचूप. बाहेरच्या सस्पेन्शनचा दोष नाही हे तर सिद्धच झालं होतं, म्हणून मी तेच परत बसवलं. मुद्दाम.

मग तात्यांकडे गेलो. ते मेंढ्या कोंडायच्या वाड्याजवळ घोंगडीवर बसले होते. मेंढ्यांचा कालवा चालला होता. मी म्हणालो, "तात्या, आवाज काय निघत न्हाई. हरलो मी."

"म्या कदी म्हनलं काढ म्हनून?" तात्या म्हणाले. "मला मरनाचं भ्या न्हाई. पर नको म्हननाऱ्याच्या पाठीवर बसून जायचं न्हाई."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी विचारलं, "तात्या, दुखनाईत मेंढी वरडती का?"

"न्हाई. ती कोपऱ्यात गप पडती."

"आन मेल्याली?"

"आरं येड्या, मेल्याली कशी वरडंल?"

"मग वरडती ती जितीच ना? तुमी बसल्यावर गाडी जिती होतीय. आमी बसलो तर मुडदा. कावून घाबरायलात तिला?"

तात्या घोंगडीवरून उठले. मग सुनीताला म्हणाले, "पोरी, माजा पटका आन." त्या दिवशी ते बीडला गेले, कुईं-कुईं करत. सुनीता ओट्यावर बसून रडली. मी पण जरा तोंड फिरवलं.

सात महिने नीट गेले. आणि मग एका शुक्रवारी भानुदासचा फोन... "सादिकभाई, लवकर या. गाडी गप हाय."

मी पोचलो तेव्हा तात्या गाडीतून उतरून घोंगडीवर आडवे झाले होते. अगदी शांत. म्हणाले, "तूच म्हनलातास ना सादिक, वरडती ती जिती. जनावर गप पडलं." माझाच शब्द माझ्या गळ्यात. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, आणि त्यात जीव जाणार दुसऱ्याचा. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल, जितका त्या गप्प गाडीचा आला.

मी भानुदासला जॅक मागितला.

सस्पेन्शनच्या बुशचा बोल्ट कधी आवळायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. गाडी खाली, वजन चाकांवर, मगच शेवटचा पीळ. चाकं अधांतरी असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला बोंबलतं. असं काम करणाऱ्याच्या हातातून मी पाना काढून घेतला आहे. त्या दिवशी मी गाडी वर उचलली, ग्रीस पुसून काढलं आणि लटकत्या चाकांवर चारही बोल्ट जोर लावून आवळले. बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकीचं काम केलं, आणि मन लावून केलं.

तात्यांना उचलूनच बसवलं. गाडी हलली, पहिला दगड आला... कुर्रर्र, कुईं.

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दुसरा दगड, तिसरा दगड. मग म्हणाले, "ह्यो त्यो न्हाई. त्यो मी बसल्या बसल्या यायचा. ह्यो तुजा हाय."

चोरी पकडली गेली होती.

त्यांनी माझा हात ओढून बघितला. बोटांची सालं निघाली होती, काळं ग्रीस नखांत गेलं होतं. हात सोडला नाही त्यांनी. म्हणाले, "भान्या, चल बाबा. उशीर हुतोय."

ह्याला दीड वर्ष झालं. तात्या आजही मंगळवारी आणि शुक्रवारी जातात. पहिला आवाज कुठून आला, माझ्या व्हॅनमध्ये कसा आला, सात महिन्यांनी का गेला... मला माहीत नाही. दुसरा आवाज मात्र माझा आहे. बुश लवकर झिजतात, म्हणून दर तीन महिन्यांनी मी नवे टाकतो आणि दर वेळी चुकीचेच आवळतो. मांजरसुंब्याच्या चौकात ती गाडी कुरकुरत गेली की टपरीवरचे मिस्त्री हसतात, म्हणतात, हे बघा सादिकचं फिटिंग. हसू द्या. खाली कमेंटमध्ये कुणाला उपाय सांगायचा असेल तर सांगा, मी वाचेन. पण तात्या बसतात तोवर त्या गाडीचा आवाज मी काढणार नाही.