हिरव्या बाई

कुणी टक लावून बघायला लागलं की हिरव्या बाई मान खाली घालत नसत. उलट पदर मागे सारत, हनुवटी पुढे करत आणि म्हणत, "बघा, नीट बघून घ्या. मंग पुन्हा वळून बघायला नको." बघणारा गडबडून जायचा आणि एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायचा. भोकरदनच्या बाजारात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर मी हे इतक्यांदा पाहिलं, की पुढे पुढे कोण कुठल्या क्षणी नजर चुकवणार हे मला आधीच सांगता यायचं.

बघण्यासारखं होतं, हे मीही नाकारत नाही. कपाळाच्या मधोमध चंद्रकोर, तिच्याखाली टिंब, दोन्ही कानशिलांवर ठिपके, हनुवटीवर ठिपके, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, फुलं, एक भला मोठा विंचू. त्या वयाच्या कुणबी घरातल्या बायकांच्या कपाळावर गोंदण असतंच, पण एवढं नसतं. बाई लहानपणी फार आजारी पडायच्या. पोर प्रत्येक दुखण्यातून उठली की त्यांची आई गोंदणारणीला बोलवायची आणि एक नवं चित्र काढून घ्यायची. "हे गोवराचं," बाई हातावर बोट ठेवून सांगत, "हे डांग्या खोकल्याचं. ही तुळस हिवतापाची." मी विचारलं, "आणि विंचू कशाचा?" तर म्हणाल्या, "विंचवाचाच. चावला व्हता न्हाई का!"

म्हणजे ज्या खुणा बघून लोक नाकं मुरडायचे, त्या एका आईनं पोर वाचल्याच्या आनंदात काढून घेतलेल्या होत्या. पण हे विचारायची तसदी कोण घेतो? एवढं गोंदलेलं दिसलं की लोकांचा निकाल तयार असायचा. पालावरची असणार. चोरटी असणार. अडाणी तर असणारच. कंडक्टर त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचा आणि पैसे आधी मागायचा. दुकानदार त्या आत आल्या की गल्ल्यापाशी सरकायचा. बाई सातवी शिकलेल्या होत्या, गावातल्या मोठ्या शेतकरी घराण्याची विधवा सून होत्या, पण हे काही कपाळावर लिहिलेलं नव्हतं. कपाळावर चंद्रकोर होती.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. होऊन जुन्या जालन्यातून आमच्या संघटनेच्या कामासाठी भोकरदनला आले होते. आम्ही तिथे बालवाडी काढली आणि बाईंना शिकवायला नेमलं. 'हिरव्या बाई' हे नाव पोरांनीच ठेवलं. पहिल्या आठवड्यात पोरं थुंकी लावून त्यांचा हात घासायची, रंग निघतो का बघायला. बाई घासू द्यायच्या. "घासा, घासा. निघाला तर मला बी सांगा." महिनाभरात पोरांना त्या हातावरची फुलं पाठ झाली आणि घासणं थांबलं. मोठ्यांचं मात्र थांबलं नाही. शेतमजूर आया काही न बोलता पोरं सोडून कामावर जात, पण नोकरदारांच्या वस्तीतल्या आया दाराशी घुटमळत. पोरं ह्या बाईंच्या हवाली करायची की नाही, हा प्रश्न त्या बालवाडीवर पहिल्या दिवसापासून टांगलेला होता.

मी चिडून पत्रक लिहिलं. मथळा होता, 'कातडी बघता की माणूस?' बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बराबर लिहिलंस. पण पोरी, हे वाचणार कोण? ज्यांना वाचता येतं तेच तर मला बघून राह्यले." मी म्हटलं, म्हणूनच पत्रक वाटायचं. "वाट मंग," त्या म्हणाल्या, "पण चौकात उभी राहून ओरडू नको. पोरं झोपलीत."

त्याच वर्षी पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. कुठं काय घडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण प्रत्येकाच्या मेव्हण्याच्या गावात काहीतरी घडलं होतं. अशात आमच्या बालवाडीतल्या चिमीचा कान फुटला, ताप चढला. तिचे आईबाप दोघंही कापूस वेचायला गेलेले. तिला जालन्याला न्यायचं ठरलं. बाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही स्टँडवर आलो. जालन्याच्या ऑफिसला कळवायला मी समोरच्या एसटीडी बूथवर गेले. परत आले तर बाईंभोवती बाहेरगावच्या उतारूंचं कडं पडलेलं होतं.

"पोरगी कुणाची हाय?"

"माझ्या बालवाडीतली हाय. कान फुटलाय तिचा. दवाखान्यात चाललेय."

"बालवाडीची बाई अशी असती का? तोंड बघा हिचं!"

एका शहाण्यानं चिमीलाच विचारलं, "ए बाळ, ही तुझी आई हाय का?" चिमी खरं बोलणारी पोर. म्हणाली, "न्हाई." झालं. कडं एकदम आवळलं. "मंग कोण हाय?" चिमी रडत म्हणाली, "हिरव्या बाई." "ऐका, नाव बी खोटंच!" कुणीतरी बाईंचा दंड धरला. मी ओरडत होते, मध्ये घुसत होते, त्या आमच्या बाई आहेत म्हणून सांगत होते. एक मिशीवाले गृहस्थ मला समजावत होते, "ताई, तुम्ही बाजूला व्हा. तुम्हाला ह्या लोकांचं माहीत न्हाई."

तेवढ्यात बाईंचा चुलत दीर मोटारसायकलवरून आला. मोंढ्यात त्याचं आडत दुकान, त्यामुळे आसपासची खेडीही त्याला ओळखायची. "अरे येड्यांनो, सोडा! आपल्या घरची हाय ही. पाटलाची सून!"

इतकं वाक्य पुरलं. दंड सुटला. कडं सैल झालं. मघाचे मिशीवाले हात जोडून म्हणाले, "माफ करा वहिनी, वळखलं न्हाई." कुणी पाणी आणलं, कुणी चहा. बाईंनी कप घेतला नाही. चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेत त्यांनी विचारलं, "चहाचं राहू द्या. मी पाटलाची सून नसते तर काय करणार व्हते, तेवढं सांगा."

पण गर्दी एकदा तापली की नुसत्या माफीवर निवत नाही. स्टँडच्या भिंतीशी एक म्हातारी गोंदणारीण पत्र्याचा डबा आणि बॅटरीवरचं यंत्र घेऊन बसली होती. तिचंही कपाळ हिरवं. एका पोरानं तिच्याकडे बोट केलं. "ही हाय त्यांच्यातली. हिला विचारा की!" पाचसहाजण तिकडे वळले. म्हातारी घाईनं डबा गोळा करायला लागली.

बाई त्यांच्या आधी तिथे पोचल्या. तिच्यासमोर मातीत फतकल मारून बसल्या, चिमीला मांडीवर घेतलं आणि मोकळा हात पुढे केला. "काढ गं माय."

म्हातारी डबा छातीशी धरून म्हणाली, "आक्का, मला जाऊ दे. उठू दे मला."

"उठलीस तर धरतील. बस. काढ."

"काय काढू?"

"कायबी काढ. लई वेळ लागंल असं काढ."

यंत्र घरघरायला लागलं. पाटलाच्या सुनेचा हात हातात घेऊन बसलेल्या म्हातारीला ओढणार कोण? गर्दी तिथेच उभी राहिली, पण तिला आता काय करावं सुचेना. दीर लाजेनं लाल झाला होता. "वहिनी, उठा. घरची इज्जत..." बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी जा दुकानावर. गिऱ्हाईक असंल."

जालन्याची गाडी लागली. बाईंनी मला बोलावलं. "चिमीला तू घेऊन जा. मी हितून हलले तर म्हातारीचं काय खरं न्हाई." मी चिमीला उचललं. ती हातपाय झाडत, बाईंकडे हात पसरून किंचाळत होती. तशीच तिला घेऊन मी त्या सगळ्या गर्दीतून चालत गेले. मिशीवाल्यांनी मला वाट करून दिली. कंडक्टरनं खिडकीजवळची जागा दिली. पोरगी कुणाची, हे मला एकानंही विचारलं नाही. माझ्या अंगात सलवार कमीज होता, डोळ्यांवर चष्मा होता आणि कपाळ कोरं होतं. पोरं पळवणारी खरोखर कुणी असेल, तर तिनं माझ्यासारखं दिसावं. तिला भोकरदनपासून जालन्यापर्यंत कुणी हटकणार नाही.

संध्याकाळी परत आले तेव्हा बाई हाताला हळद लावून ओसरीवर बसल्या होत्या. कोपराच्या वर एक वेल चढली होती. "म्हातारी म्हणाली, वेलीला लई वेळ लागतो." ऊन चढल्यावर एकेकाला आपापलं घर आठवलं होतं आणि गर्दी पांगली होती. मग म्हातारी उठून गेली होती. मी विचारलं, "तुम्ही आधीच का नाही सांगितलं, पाटलाची सून आहे म्हणून?" त्यांनी वेलीवरची हळद बोटानं सारखी केली. "सांगितलं असतं तर सुटले असते. पण मंग त्याचा अर्थ काय झाला? गोंदलेली असून बी मी बरी, कारण माझं घर बरं. अन् जिला घरच न्हाई, तिनं काय सांगायचं?"

पुढच्याच आठवड्यात नोकरदार आयांची बैठक भरली. बँकेतल्या एका साहेबांच्या पत्नी, त्यांना सगळे वहिनी म्हणत, सर्वांच्या वतीनं बोलल्या. बोलणं गोड होतं. "बाई मनानं चांगल्या आहेत हो. पण त्या असल्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. मुलांवर काय संस्कार होणार? आम्ही वर्गणी काढतो. औरंगाबादला एक डॉक्टर आहेत, ते गोंदण काढून देतात. निदान चेहऱ्यावरचं." बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, माझ्या आईनं एवढं हौसेनं काढून घेतलं. त्यातलं कोणतं दुखणं परत घेऊ, ते सांगा." दोघीतिघी हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

आमच्या संघटनेनं काय केलं? ज्या संघटनेच्या प्रत्येक पत्रकावर 'समता' हा शब्द ठळक टायपात असतो, तिनं पोरांची संख्या टिकवण्यासाठी दुसऱ्या बाई नेमल्या आणि हिरव्या बाईंना मदतनीस व्हायला सांगितलं. मी जालन्याच्या ऑफिसात टेबलावर हात आपटून भांडले. मला सांगण्यात आलं की काम लोकांना सोबत घेऊन करायचं असतं. कुठल्या लोकांना, ते सांगण्यात आलं नाही. मी राजीनामा दिला. बाईंनी तर मदतनीस होण्याला नकारसुद्धा दिला नाही, नुसत्या गेल्या नाहीत.

आणि मग फार साधी गोष्ट घडली. शेतमजूर आयांना सकाळी लवकर रानात जायचं असायचं, नव्या बाई दहाला यायच्या. चिमीच्या आईनं पोरगी सरळ हिरव्या बाईंच्या ओसरीवर आणून सोडली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. म्हातारीची पालं गावाबाहेर होती तोवर तिची नातवंडंही आली. दिरानं बोलणं टाकलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं, पोरांना गप्प बसवायचं एक काम कमी झालं. सगळ्यांत जास्ती आवाज भाऊजींचाच व्हता."

वर्षभरानं पोरं पळवणाऱ्यांची आवई पुन्हा उठली. मी तेव्हा बाईंकडेच राहून पोरांना शिकवत होते. एके सकाळी दारात बँकेतल्या वहिनी उभ्या. त्यांच्या आईला औरंगाबादला दवाखान्यात नेलं होतं, साहेब दौऱ्यावर, शेजाऱ्यांनी दारं लावून घेतलेली, आणि हाताशी चार वर्षांचा मुलगा. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. बाईंनी काही विचारलं नाही. मुलाला आत घेतलं आणि म्हणाल्या, "गाडी सुटंल. पळा."

वहिनी दिवेलागणीला परत आल्या. मुलगा ओसरीवर भाकरी खात बसला होता. बाईंनी त्याचं तोंड पुसलं, त्याला त्यांच्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "घ्या. एकच दिल्ता ना? बराबर हाय का बघून घ्या."

वहिनींनी खरंच त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं. तोंडावर पदर धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. बाई मात्र मनापासून हसत होत्या. "आवो, गंमत केली. उद्या बी आणा."

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, मागच्या गल्लीनं, परसदारानं, कुणी बघू नये अशा वेळी. मग रोज तशाच यायला लागल्या. मी भडकले. म्हटलं, "ह्यांना पुढच्या दारानं यायला लावा! चोरासारखं काय यायचं?"

बाई एका पोराचं नाक पुसत होत्या. म्हणाल्या, "ते तू लाव. मला पोरं सांभाळायची हायेत."

मागच्या पावसाळ्यात हिरव्या बाई गेल्या. पोरं त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. माझ्याकडे सोपवलेलं काम अजून व्हायचं आहे.